‘साडेसातचं’

वर्तमानपत्राला मथळा असतो, पुस्तकाला मुखपृष्ठ असते, दुकानाला पाटी असते. रेडिओवरील कार्यक्रमाला यांपैकी काहीच नसते. तो दिसत नाही, हातात धरता येत नाही आणि संपला की मागे कागदाचा कपटाही उरत नाही. म्हणून श्रोत्याने त्याला ओळखायचे कसे, हा प्रश्न रेडिओच्या जन्मापासून रेडिओबरोबर आहे. नभोवाणीच्या क्षेत्रातील लोकांनी त्यासाठी चार गोष्टी हाताशी धरल्या : नाव, सुरुवातीची धून, निवेदकाचा आवाज आणि ठरलेली वेळ. अलीकडे या सगळ्यासाठी व्यापारी जगातला ‘ब्रँड’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मराठीत त्यासाठी ‘ओळख’ हा साधा शब्द आहे, आणि तो अधिक नेमकाही आहे. कारण ओळख एकट्याने ठरवून होत नाही, तिला दुसरा माणूस लागतो.

आपल्या देशाच्या नभोवाणीच्या नावाचीच कथा पाहा. १९३५ मध्ये म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक छोटे प्रसारण केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. त्याच सुमारास सरकारी प्रसारण सेवेचे नाव ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ असे लांबलचक होते. १९३६ मध्ये ते बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, म्हैसूरच्या त्या घरातले नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. पुढे कित्येक दशके दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदली, आणि २०२३ मध्ये प्रसारभारतीने ‘आकाशवाणी’ हेच एक नाव वापरावे असा निर्णय घेतला. एका प्राध्यापकाच्या घरातून निघालेला शब्द अठ्ठ्याऐंशी वर्षांनी एकटा उभा राहिला. या सर्व काळात मराठी घरांत मात्र ‘जरा रेडिओ लाव’ एवढेच म्हटले जात होते, ही गोष्ट निराळी.

नावापेक्षा धून अधिक चिवट असते. आकाशवाणीची सकाळची ती प्रसिद्ध संकेतधून १९३६ मध्ये वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने बांधली. ते ज्यू होते आणि युरोपातील वातावरण बिघडू लागल्यावर आश्रयाला मुंबईत आले होते. शिवरंजनी रागाशी नाते सांगणारी, तानपुऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी ती धून ज्यांनी लहानपणी अंथरुणात पडून ऐकली आहे, त्यांना तिचा कर्ता कोण हे बहुधा ठाऊक नसते. ती ऐकू आली की दिवस सुरू झाला, एवढे त्यांना पुरे असते.

रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये अमीन सयानी यांनी सुरू केलेल्या ‘बिनाका गीतमाले’ची गोष्ट तर नावाच्या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. बिनाका हे एका दंतमंजनाचे, म्हणजे टूथपेस्टचे, नाव. पुढे उत्पादनाचे नाव सिबाका झाले, तसे कार्यक्रमाचेही झाले. १९८९ मध्ये तो विविध भारतीवर आला. कागदोपत्री नाव बदलत गेले. पण बुधवारची रात्र, गाण्यांच्या ‘पायदाना’ आणि श्रोत्यांना बहिणी व भाऊ म्हणून साद घालणारा तो आवाज यांनी जी ओळख करून ठेवली होती, ती पुसली गेली नाही. जुन्या पिढीतील माणसे आजही ‘बिनाका’ असेच म्हणतात. टूथपेस्ट कधीच विसरली गेली आहे.

मुंबई आकाशवाणीवरील मराठी कार्यक्रमांची नावेही या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’. या नावांत चमक नाही. पण प्रत्येक नावात समोर कोण बसले आहे हे सांगितलेले आहे. कामगाराला ती सभा आपली वाटे. आणि ‘आपली’ या एका सर्वनामाने तर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला मालकी देऊन टाकली होती.

विद्यापीठांच्या आवारातील रेडिओ हे या घराण्यातील अगदी धाकटे अपत्य. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्यानंतर सात वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, नामवंत शिक्षणसंस्थांना स्वतःचे छोटे रेडिओ केंद्र चालवण्याची परवानगी देण्याचे धोरण आले. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाले. ते अशा केंद्रांतील पहिले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ मध्ये आली. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. या केंद्रांचा प्रक्षेपक लहान असतो. त्याची प्रसारणशक्ती १०० वॅटच्या आसपास आणि मनोरा तीस मीटरांपर्यंत. त्यामुळे आवाज दहा-एक किलोमीटरांच्या पलीकडे फारसा जात नाही. स्वतःच्या बातम्या देण्यास मुभा नाही, राजकीय प्रचार वर्ज्य, आणि निम्म्याहून कमी नाही इतका मजकूर आपल्याच परिसरातला असावा, अशी अट. वरवर पाहता ही बंधने वाटतात. पण दहा किलोमीटरांच्या आत जी माणसे राहतात त्यांच्याशीच बोला, असे सांगणारे माध्यम दुसरे कोणते आहे?

अशाच एका विद्यापीठाच्या केंद्रावर काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाचे नाव बदलण्याचा घाट घातला गेला. गावाचे आणि विद्यापीठाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. रोज सायंकाळी अर्धा तास चालणारा हा कार्यक्रम विद्यार्थीच करीत. त्यात आवारातील घडामोडी, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा, वसतिगृहाच्या सूचना, एखादी मुलाखत, दोन-तीन गाणी, असे सारे असे. त्याचे नाव होते ‘विद्यार्थी विश्व’. ते कोणी ठेवले हे कोणालाच आठवत नव्हते. नावाला कोणाचा आक्षेप नव्हता, आणि कोणाचा लोभही नव्हता. धून संगणकात आयती मिळालेली. तीच धून गावातील एका दुकानाच्या जाहिरातीलाही होती, आणि ती जाहिरात बस स्थानकावर दिवसभर वाजे.

नव्या वर्षाची तुकडी आली आणि तिने ठरवले की हे सारे बदलायचे. मुले उत्साही होती. फळ्यावर नावांची यादी झाली : ‘कॅम्पस बीट्स’, ‘यंगिस्तान’, ‘युवास्पंदन’, ‘कट्टा अनलिमिटेड’. नावाबरोबर वेगही बदलायचा होता. बोलणे कमी, संगीत अधिक. सूचना एका दमात, पार्श्वसंगीतावर. कंटाळा येता कामा नये. शहरांतील खाजगी एफ. एम. वाहिन्यांचे अनुकरण त्यात होते हे उघड आहे, पण त्यात गैर काही नव्हते. ज्या वयात माणूस आवाज शोधत असतो त्या वयात तो आधी दुसऱ्याच्या आवाजात बोलून पाहतो.

अडथळा आला तो अनपेक्षित बाजूने. व्यवस्थापनशास्त्राचे एक प्राध्यापक सल्ल्यासाठी आले होते. विद्यार्थ्यांची अपेक्षा अशी की सर एखादे नाव निवडतील. त्यांनी यादीकडे पाहिले आणि विचारले, “ऐकतं कोण?”

“विद्यार्थी, सर.”

“किती जणांना विचारलंत?”

कोणालाच विचारले नव्हते. तेव्हा सरांनी नावांचा फळा पुसायला लावला आणि तीन दिवस आवारात हिंडून या, वहीत लिहून आणा, असे सांगितले. प्रत्येकाने ठीक साडेसात वाजता निरनिराळ्या ठिकाणी उभे राहायचे आणि रेडिओ कोठे वाजतो तेवढे टिपायचे.

वह्या भरून आल्या तेव्हा मुलांचे चेहरे उतरले होते. वसतिगृहांच्या दोनशे खोल्यांतून चार-पाच ठिकाणी रेडिओ चालू होता. बाकीच्यांच्या कानांत मोबाइल होता आणि त्यात स्वतःची गाणी होती. मोबाइलवर एफ. एम. लावायचे तर इअरफोनची तार जोडावी लागते, कारण ती तारच ॲन्टेनाचे काम करते. आणि अलीकडच्या पुष्कळ फोनांत तर ती सोयही उरलेली नाही. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्यांनी तो केव्हाच सोडला होता.

पण रेडिओ वाजत होता. तो भोजनगृहाच्या स्वयंपाकघरात वाजत होता. मागच्या फाटकावरील रखवालदाराच्या खोपटात वाजत होता. इस्त्रीवाल्याच्या टपरीत, रोपवाटिकेच्या शेडमध्ये आणि आवाराच्या कुंपणाला टेकून जी वस्ती वसली आहे तिच्या पहिल्या दोन गल्ल्यांत तो घरोघर वाजत होता. या माणसांपैकी एकही जण विद्यार्थी नव्हता. ‘विद्यार्थी विश्वा’त त्यांना कोणी बोलावलेले नव्हते, ती आपली आपण येऊन बसली होती.

भोजनगृहात पोळ्या लाटणाऱ्या मावशींना एका विद्यार्थिनीने विचारले, “मावशी, तुम्ही रोज ऐकता तो कार्यक्रम कुठला? नाव काय त्याचं?”

“नाव कुणाला ठाऊक, बाई? आम्ही साडेसातचं म्हणतो. साडेसातचं लागलं की तवे चढवायचे. आठाला पोरं ताटं घेऊन उभी राहतात ना!”

रखवालदार काकांनीही तेच सांगितले. त्यांच्या खोपटातले घड्याळ पाऊस शिरल्यापासून बंद होते. साडेसातचं लागले की मागचे फाटक लावून घ्यायचे, असा त्यांचा नेम होता. इस्त्रीवाला म्हणाला, “साडेसातचं? हो, ऐकतो की. ते झालं की टपरी बंद.” तीन निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत, तीन निरनिराळ्या माणसांच्या तोंडून, हाच शब्द उतरला होता. मंडळी ज्या नावाच्या शोधात फळा भरवत होती ते नाव भिंतीपलीकडे कधीच रुळले होते.

वस्तीतल्या एका ताईंचे बोलणे मात्र सर्वांत अधिक महत्त्वाचे ठरले. त्या घरी शिवणकाम करतात. आठवीनंतर शाळा सुटलेली. मुक्त विद्यालयातून दहावीला बसण्याचा त्यांचा विचार होता. प्रवेशअर्जाची शेवटची तारीख याच कार्यक्रमात सांगितली गेली होती. मशीन चालू असताना त्यांनी ती ऐकली. म्हणजे कोणती तरी तारीख सांगितली जात आहे एवढे ऐकले. पाय थांबवून, खडू शोधून भिंतीवर लिहीपर्यंत गाणे सुरू झाले होते. पुढे चौकशी करीपर्यंत मुदत टळली आणि विलंब शुल्क भरावे लागले. दोन ब्लाउजांची शिलाई त्यात गेली. त्यांनी तक्रार म्हणून हे सांगितले नाही. हसतच त्या म्हणाल्या, “तारीख दोनदा सांगत जा. एकदा सांगितली की पेन्सिल शोधेस्तोवर जाते.”

कार्यक्रमाचा वेग वाढवण्याचा बेत ज्या वहीत लिहिला होता त्याच वहीच्या पुढच्या पानावर हे वाक्य आले. दोन्ही पाने एकाच वेळी खरी असू शकत नव्हती.

येथून पुढची चर्चा दोन आठवडे चालली आणि ती सोपी झाली नाही. काही विद्यार्थ्यांचे म्हणणे असे, की आपल्या वयाच्या मुलांनी कार्यक्रम सोडला तर त्यांना परत आणणे हेच आपले काम आहे. स्वयंपाकघरासाठी कार्यक्रम करायला आपण आलो नाही. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. केंद्र विद्यापीठाचे, खर्च विद्यापीठाचा. परंतु ज्याने पाठ फिरवली आहे त्याच्या मागे धावताना जो समोर बसून ऐकतो आहे त्याला उठवायचे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. शेवटी एक मुलगी म्हणाली, की होस्टेलमधल्या मुलाला शिष्यवृत्तीची तारीख फोनवर दहा ठिकाणी मिळेल, वस्तीतल्या ताईंना ती फक्त इथेच मिळते. त्यानंतर त्या विषयावर फारसे कोणी बोलले नाही.

नाव मात्र सहजासहजी संमत झाले नाही. ‘साडेसातचं’ म्हटल्याबरोबर कोणी तरी ‘साडेसाती’ आठवली आणि सारी बैठक हसण्यात बुडाली. शनीची साडेसाती मराठी माणसाच्या मनातून इतक्या लवकर जात नाही. कार्यालयातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर गंभीरपणे विचारले, की विद्यापीठाच्या कार्यक्रमाला असे अशुभ नाव कशाला? त्यावर केंद्राचे प्रमुख म्हणाले, “साडेसाती साडेसात वर्षं टिकते. आपला एकही कार्यक्रम आजवर इतका टिकलेला नाही.” हा मुद्दा तेवढ्यावर मिटला.

भाषेचा मुद्दा त्याहून अवघड निघाला. पत्रकावर ‘साडेसातचे’ लिहावे की ‘साडेसातचं’? मराठी विभागातील बाईंना बोलावण्यात आले. त्यांनी सांगितले, की औपचारिक लेखनात ‘साडेसातचे’ हेच रूप योग्य. पण बोलण्याचा हुबेहूब ठसा उमटवायचा असतो तेथे अनुस्वाराचे रूप लेखनाच्या नियमांतही मान्य आहे, आणि हे नाव कोणी लिहिलेले नसून बोललेले आहे. ‘साडेसातचे’ म्हटले की पुढे काही तरी हवे असे वाटते : साडेसातचे काय? साडेसातचे विमान? ‘साडेसातचं’ मात्र स्वतःच्या पायांवर उभे राहते. एका अनुस्वाराने एवढा फरक पडतो, हे त्या मुलांना व्याकरणाच्या तासाला कधी पटले नसते.

खरी हरकत घेतली ती ज्यांनी सर्वांना हिंडायला पाठवले त्याच प्राध्यापकांनी. त्यांचे म्हणणे : वेळेचे नाव घेणे म्हणजे हात बांधून घेणे. उद्या वेळापत्रक बदलले तर? दुपारी पुनःप्रसारण केले तर त्याला काय म्हणणार? आणि कार्यक्रम सात पस्तीसला सुरू झाला तर नावच खोटे ठरेल. ‘विद्यार्थी विश्व’ केव्हाही सुरू झाले तरी चालत होते. हा इशारा योग्य होता. तोवर कार्यक्रम साडेसातच्या आगेमागे, निवेदक जिना चढून येईल तेव्हा, सुरू होत असे. त्या ढिलाईने स्वयंपाकघरातले तवे किती वेळा उशिरा चढले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नव्हता.

ठरले ते असे. नाव ‘साडेसातचं’ हेच. पुनःप्रसारण बंद. प्रसारणाच्या संगणकातील घड्याळ आकाशवाणीच्या वेळेशी ताडून पाहिले, तर ते दोन मिनिटे मागे निघाले. ते लावण्यात आले. निवेदकाने सव्वासातला खुर्चीत असावे. आणि ज्या सूचनेत तारीख असेल ती सूचना दोनदा, सावकाश, मागे संगीत न ठेवता वाचावी. दोन वाचनांच्या मध्ये पेन्सिल शोधण्यापुरता वेळ सोडावा. रेडिओवर पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते. नवख्या निवेदकाला ती सहन होत नाही. काही तरी बोलून ती भरून काढावीशी वाटते. त्या तुकडीला सर्वांत अधिक सराव करावा लागला तो या गप्प बसण्याचा.

धुनीचे काम एका दृष्टिहीन विद्यार्थ्याकडे गेले. वसतिगृहातील जे चार-पाच नियमित श्रोते सापडले होते त्यांपैकी तो एक. त्याचे म्हणणे असे, की जुनी धून लागली की जाहिरात चालू आहे असे वाटते. कार्यक्रम सुरू झाला हे निवेदकाने नाव सांगितल्यावर कळते. धून अशी हवी की पहिल्या ठोक्याला माणसाने मान वर केली पाहिजे. भोजनगृहाच्या ओसरीत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. जेवणाच्या वेळी त्यावर लोखंडी खिळ्याने ठोका देतात. त्याने तोच आवाज निवडला. रुळाचा एक ठोका, त्याचा नाद विरत असताना पोळपाटावर लाटणे फिरल्याचा आवाज, आणि त्यावर पेटीचे तीन सूर. सगळे मिळून नऊ सेकंद.

ऐकायला हे सोपे वाटते. ध्वनिमुद्रण करताना मात्र रुळाने सर्वांना घाम फोडला. मायक्रोफोन जवळ धरला तर ठोका फाटून कर्कश होई. दूर नेला तर भोजनगृहातील पंख्यांची घरघर त्यात शिरे. शेवटी दुपारी तीन वाजता पंखे बंद करून, खिळ्याला सुती चिंधी गुंडाळून आणि मायक्रोफोन सहा-सात फुटांवर ठेवून तो ठोका पकडला गेला. पोळपाटाच्या आवाजासाठी मावशींनी खरी कणीक मळून घेतली. नुसते लाटणे फिरवलेले त्यांना मान्य नव्हते. “रिकाम्या पोळपाटाचा आवाज कळतो,” असे त्यांचे म्हणणे, आणि दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकल्यावर सर्वांनी ते कबूल केले.

रेडिओला चित्राची गरज नाही. तरी सूचनाफलकासाठी बोधचिन्ह हवेच, असा आग्रह झाला. एका मुलीने साडेसात वाजलेले घड्याळ काढले. ते सुबक होते. फाटकावर लावायला नेले तेव्हा रखवालदार काकांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, “हे साडेसात न्हवं, बाळ. तास-काटा सातावरच ठेवलाय. साडेसाताला तो सात-आठाच्या मधी जातो.” ज्यांचे घड्याळ वर्षभर बंद होते त्यांच्या हे लक्षात आले. चित्र पुन्हा काढले गेले.

विद्यापीठाच्या हिशेबखात्यात अजून जुनेच नाव आहे. तेथील नोंद बदलायची तर समितीचा ठराव लागतो, आणि ठरावासाठी विषयपत्रिकेवर विषय यावा लागतो. त्यामुळे मायक्रोफोनचे सेल आणि निवेदकांचा चहा यांची मागणी आजही ‘विद्यार्थी विश्व’ या शीर्षकाखाली जाते आणि मंजूरही होते.

विद्यार्थी श्रोते परत आले काय? थोडे आले. एक कारण असे, की वस्तीतील आणि आवारातील माणसांच्या मुलाखती सुरू झाल्यावर मुलांना रोज जेवण वाढणाऱ्या हातांची नावे प्रथमच कळू लागली, आणि आपल्या मेसमधल्या मावशी रेडिओवर काय बोलणार याचे कुतूहल वाटू लागले. पण फार मोठा बदल झाला असे म्हणणे खरे होणार नाही. बहुतेकांच्या कानांत अजून त्यांची त्यांचीच गाणी असतात. परीक्षेच्या दिवसांत तर निवेदकही मिळेनासे झाले. तेव्हा वस्तीतल्या ताईंना आठवड्यातून दोन दिवस सूचना वाचण्यासाठी बोलावण्यात आले. पहिल्या दिवशी त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि प्रत्येक तारीख इतक्या सावकाश वाचली की तीनच सूचनांत अर्धा कार्यक्रम संपला. गाणे एकच झाले. दुसऱ्या दिवशी कोणीही गाण्याची चौकशी केली नाही. रोपवाटिकेतील एका माळ्याने मात्र येऊन विचारले, की त्या बाई पुन्हा केव्हा वाचणार आहेत?

त्या वर्षी जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी मोठा पाऊस झाला, वीज गेली, आणि केंद्राची बॅटरीही ऐन वेळी बसली. जनित्र सुरू करून प्रसारण चालू होईपर्यंत सात वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. पूर्वी अशा उशिराची कोणी दखल घेतली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच रखवालदार काका भेटले; फाटक उशिरा लागले म्हणून त्यांना बोलणी बसली होती. भोजनगृहात पहिल्या पंगतीला पोळ्या कमी पडल्या होत्या. त्या सायंकाळी निवेदकाने कार्यक्रमाच्या आरंभी दिलगिरी व्यक्त केली, आदल्या दिवशी राहून गेलेली अर्जाची तारीख सांगितली, पाच सेकंद थांबला, आणि सवयीने दोन्ही गोष्टी, दिलगिरीसुद्धा, पुन्हा एकदा सावकाश वाचल्या.